रात्रीची बॅटरी आणि बाण : बेडकांच्या शिकारीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिसुरी राज्यात नोकरीला आहे. नागपुरात असताना त्याने शाळेपासून धनुर्विद्येचा सराव केला असून कंपाउंड (कप्प्या बसवलेल्या आधुनिक) धनुष्यावर त्याचा हात चांगला बसलेला आहे. तेथील सहकाऱ्यांनी त्याला जुलै महिन्यात रात्री धनुष्यबाणाने बेडूक मारायला येण्याचे निमंत्रण दिले आहे. हा प्रकार तेथे कायदेशीर आहे का, तो कसा चालतो आणि मुलाने कोणती काळजी घ्यावी? त्याच्या आईला ही कल्पना मुळातच पसंत नाही. — एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : मिसुरीत हा प्रकार कायदेशीर आहे. तेथील संवर्धन विभागाने बेडकांचा हंगाम 30 जूनच्या सूर्यास्तापासून 31 ऑक्टोबरपर्यंत ठेवलेला आहे. दोनच जातींचे बेडूक मारण्याची परवानगी आहे, एक बुलफ्रॉग आणि दुसरा हिरवा बेडूक (ग्रीन फ्रॉग). दोन्ही मिळून एका माणसाने एका दिवसात आठपेक्षा जास्त बेडूक घ्यायचे नाहीत आणि जवळ सोळापेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. मासेमारीचा किंवा शिकारीचा परवाना लागतो. यांपैकी कोणत्याही परवान्यावर धनुष्य चालते, आणि कृत्रिम प्रकाश वापरायलाही मुभा आहे. तरीही शिकारीला निघण्यापूर्वी मुलाने त्या त्या वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचावी, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. राज्य बदलले की नियम बदलतात. लुइझियानात एप्रिल आणि मे हे प्रजननाचे दोन महिने शिकार बंद असते आणि पाच इंचांहून लहान बुलफ्रॉग घेता येत नाही. त्यामुळे एका राज्यात शिकलेली रीत राज्याची सीमा ओलांडून पलीकडे नेणे धोक्याचे ठरते.

आता हे चालते कसे ते सांगतो. अंधार पूर्ण पडल्यावर दोघे किंवा तिघे जण तळ्याच्या काठाने, अथवा सपाट तळाच्या होडीतून, अगदी सावकाश पुढे सरकतात. डोक्यावर बांधलेल्या बॅटरीचा झोत पाणी आणि काठ जिथे मिळतात त्या रेषेवरून फिरवत नेला जातो. बेडकाचे डोळे त्या झोतात चमकतात, आणि पांढरा गळा चिखलाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. झोत डोळ्यांवर स्थिर राहिला तर बेडूक बहुधा जागचा हलत नाही. पण झोत हलला, प्रकाशात कुणाची सावली आडवी गेली किंवा काठावर पाऊल जोरात आपटले, की तो तत्क्षणी पाण्यात नाहीसा होतो. म्हणून प्रकाश धरणारा एक आणि बाण सोडणारा दुसरा अशी जोडी असावी. ज्याच्या हातात बॅटरी आहे त्याने निकाल लागेपर्यंत मनगटसुद्धा वळवायचे नसते, आणि या खेळातले खरे कसब बहुतेक वेळा त्याचेच असते.

तुमच्या मुलाचा सराव 50 मीटरवरच्या लक्ष्याचा असणार, कारण कंपाउंड प्रकाराची मैदानी स्पर्धा त्याच अंतरावर होते. बेडकावर बाण सोडला जातो तो तीन-चार मीटरवरून. हे अंतर सोपे वाटते, परंतु मैदानावर तयार झालेला तिरंदाज नेमका इथेच चुकतो. बाण डोळ्याच्या रेषेत नसून तिच्या काही बोटे खाली, धनुष्याच्या आधारावर बसलेला असतो. दूरच्या लक्ष्यासाठी हा फरक सायटीच्या, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरण्याच्या साधनाच्या, मांडणीत मिटवलेला असतो, पण इतक्या जवळून बाणाला नजरेच्या रेषेपर्यंत वर यायला वावच मिळत नाही आणि तो खाली लागतो. बेडकाची उंची मुठीएवढी, त्यामुळे तेवढ्या फरकाने बाण त्याच्या पोटाखालच्या चिखलात जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पाय फाडून जातो. या कारणाने बरेच जण सायट काढून टाकतात आणि साध्या धनुष्यावर नुसत्या नजरेने नेम धरतात. मुलाने आधी दिवसा, वाळूच्या पोत्यावर, याच अंतरावरून पुरेसे बाण मारून आपला बाण कुठे लागतो ते पाहून घ्यावे.

पाण्याचा दुसरा फसवा भाग म्हणजे प्रकाशाचे वक्रीभवन. पाण्याखालची वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते, म्हणून धनुष्याने मासे मारणारे माशाच्या दिसणाऱ्या जागेच्या खाली नेम धरतात. बेडकाच्या बाबतीत मात्र डोळे आणि डोक्याचा माथा हवेत असतो, उरलेले शरीर पाण्यात. जे हवेत दिसते ते जागच्या जागी दिसते, म्हणून नेम डोळ्यांच्या मागच्या भागावर धरावा, आणि पाण्यात तरंगणाऱ्या धूसर शरीराकडे पाहून तो ठरवू नये. डोके दिसत नसेल तर बाण सोडू नये.

साहित्याविषयी एक गोष्ट मी आवर्जून सांगेन. मैदानावरचे हलके, पिसांचे कार्बन बाण येथे वापरू नयेत. त्यांऐवजी मासेमारीचे भरीव फायबरग्लासचे जड बाण, काटेरी किंवा अनेक दाती टोकाचे, वापरले जातात. त्यांना दोरी बांधलेली असते आणि ती धनुष्यावरच्या रिळात गुंडाळलेली असते. ही दोरी बाणाच्या मागच्या टोकाला थेट बांधणे अत्यंत घातक आहे. बाण सुटताना ती प्रत्यंचेत अडकली तर बाण उलटा फिरून सोडणाऱ्याच्याच तोंडावर येतो, आणि असे गंभीर अपघात झालेले आहेत. बाणाच्या दांड्यावर सरकणारी एक छोटी कडी असते, दोरी तिलाच बांधावी, म्हणजे ती नेहमी प्रत्यंचेच्या पुढे राहते. धनुष्याचा ताणही कमी ठेवावा. अर्धा किलोच्या आसपासच्या प्राण्याला स्पर्धेच्या ताणाची गरज नसते, आणि ताण जास्त असला की बाण आरपार जाऊन दगडावर आपटतो. उथळ कोनातून पाण्यावर पडलेला बाण उसळी घेऊन पलीकडच्या काठापर्यंत जाऊ शकतो, हे कायम ध्यानात असावे. पलीकडे कोण आहे ते रात्री दिसत नाही, म्हणून समोर उंच, रिकामा, मातीचा काठ असल्याखेरीज बाण सोडू नये. मिसुरीच्या दक्षिण भागात कॉटनमाउथ हा विषारी पाणसाप अशाच काठांवर रात्री बेडकांच्या शोधात असतो. गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि जिथे प्रकाश पोहोचत नाही तिथे हात घालू नये.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो ओळखीचा. हाताने किंवा जाळीने पकडलेला बेडूक चुकीच्या जातीचा निघाला तर सोडून देता येतो. धनुष्यात ती सोय नाही, म्हणून ओळख आधी पटली पाहिजे, आणि तीही बॅटरीच्या प्रकाशात, काही क्षणांत. बुलफ्रॉगच्या डोळ्यामागून निघणारी कातडीची कड कानाच्या पडद्याला वळसा घालून तिथेच संपते. हिरव्या बेडकाच्या पाठीवर मात्र अशा दोन कडा बऱ्याच अंतरापर्यंत मागे जातात. या दोघांत गफलत झाली तरी मिसुरीत गुन्हा होत नाही. पाठीवर ठिपके किंवा चट्टे स्पष्ट दिसले तर तो तिसराच बेडूक असण्याचा संभव आहे आणि धनुष्य खाली करावे. कानाचा पडदा पाहून नर-मादीही ओळखता येते: नराचा पडदा डोळ्याहून स्पष्ट मोठा असतो, मादीचा साधारण डोळ्याएवढाच. एक मोठी मादी एका वेळी वीस हजारांपर्यंत अंडी घालू शकते. कायदा नर-मादी असा भेद करीत नाही, तरी ज्याला निवड करता येते त्याने मादी सोडावी, असे मी म्हणेन.

आणि बाण लागला म्हणजे काम संपले असे नाही. बेडूक चिवट असतो. बाण शरीरात असतानाही तो बराच वेळ जिवंत राहू शकतो. बाहेर काढताच डोक्यावर एक जोरदार, नेमका आघात करून लगेच मेंदू नष्ट करणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे. पोत्यात जिवंत भरून ठेवणे किंवा बर्फाच्या पेटीत टाकून थंडीने मरू देणे हे दोन्ही क्रूर आहे. मेलेल्या बेडकाच्या मांड्या सोलल्यावर, विशेषतः मीठ लागल्यावर, थरथरतात. ती स्नायूंची हालचाल असते आणि त्याचा अर्थ तो जिवंत आहे असा होत नाही. मांस पूर्ण शिजवूनच खावे, कारण त्यात परजीवी असू शकतात.

आपल्या पत्नीच्या नापसंतीबद्दल एवढेच म्हणेन की ती अनाठायी नाही, आणि मुलाने तिचे म्हणणे ऐकूनच निर्णय घ्यावा. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी त्याने धनुष्य घरी ठेवून नुसता प्रकाश धरणारा म्हणून जावे. जाती ओळखू येऊ लागल्या, बेडूक कसा बसतो आणि कधी उडी घेतो हे कळले, आणि नंतरही मारण्याची इच्छा उरली, तर पुढच्या हंगामात बाण आहेच. बुलफ्रॉग मिसुरीचा मूळ रहिवासी आहे, तेथील तळ्यांच्या जीवनात त्याला जागा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत मात्र तो माणसाने नेऊन सोडलेला आहे. तेथे तो स्थानिक बेडकांना खातो, त्यांच्यात काइट्रिड बुरशीचा रोग पसरवतो, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. कॅलिफोर्नियातला शिकारी जे समर्थन देऊ शकतो ते मिसुरीतल्या शिकाऱ्याला देता येत नाही. याच बुरशीमुळे मुलाने तळ्यात घातलेले बूट निर्जंतुक करून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाणवठ्यावर नेऊ नयेत, आणि सुट्टीत नागपूरला येताना तर बरोबर आणूच नयेत.

प्रश्न : आमच्या वस्तीलगतच्या मोकळ्या भूखंडांवर पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी साचते आणि रात्री मोठमोठे पिवळे बेडूक जमतात. गेल्या पावसाळ्यात काही मुले बॅटरी आणि बांबूच्या धनुकल्या घेऊन, खिळ्याचे टोक लावलेल्या काड्यांनी त्यांना मारत होती. हटकले तर म्हणाली की अमेरिकेत असे करतात, मोबाइलवर पाहिले. हा गुन्हा आहे का आणि आम्ही काय करावे? — एक वाचक, मानकापूर, नागपूर

उत्तर : होय, हा गुन्हा आहे. आपण ज्यांचे वर्णन केले आहे तो भारतीय बुलफ्रॉग, आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली त्याला संरक्षण आहे, आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. पकडणे, जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारच ठरते. धनुकली, गलोल, काठी की हात, हत्याराने काही फरक पडत नाही. नेम चुकला म्हणूनही सुटका होत नाही.

या संरक्षणामागे एक कटू अनुभव आहे. 1970 आणि 1980 च्या दशकांत भारतातून बेडकांच्या मागच्या तंगड्या हजारो टनांनी युरोप-अमेरिकेत जात होत्या. रात्री कंदील घेऊन भातशेतांतून हे बेडूक पोत्यांनी गोळा केले जात, आणि उरलेले शरीर फेकून दिले जाई. 1985 मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक करारान्वये नियंत्रण आले आणि 1987 मध्ये भारताने निर्यात पूर्णपणे थांबवली. त्यानंतर हा व्यापार प्रामुख्याने इंडोनेशियाकडे वळला. आजही गोव्यात पहिल्या पावसात तंगड्यांसाठी चोरटी शिकार होते आणि वनखात्याला रात्रीची गस्त घालावी लागते.

आपल्या भूखंडावर जे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे, आणि त्या मुलांनाही तेच दाखवावे असे मला वाटते. वर्षभर हा बेडूक मातकट हिरवा असतो आणि कोरडे महिने जमिनीत पुरून घेऊन काढतो. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की नर बाहेर येतात आणि लिंबासारखे पिवळेधमक होतात. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात. पाण्यात एकमेकांवर आदळत, ढकलत त्यांची झुंज चाललेली असते, आणि मातकट रंगाची मादी त्या गर्दीत बहुधा दिसतसुद्धा नाही. हा सोहळा थोडेच दिवस चालतो. साचलेले पाणी आटण्याच्या आत अंड्यांतून डिंबके आणि डिंबकांतून पिल्ले तयार व्हायची असतात, म्हणून सगळे प्रजनन त्या थोड्या रात्रींत उरकलेले असते. भडक रंगामुळे नर प्रकाशात लांबूनच दिसतो, माणसाच्या पायरवाने तो फारसा दचकत नाही, आणि म्हणून लहान मुलाच्या काडीलाही सापडतो. मिसुरीतला हंगाम ठरावीक तारखांचा, मर्यादा आठांची, जात ओळखलेली. इथे मात्र बाण पडतो तो वर्षातून एकदाच भरणाऱ्या विणीच्या मेळ्यावर. मोबाइलवर पाहिलेल्या गोष्टीत हा फरक दिसत नाही, तो घरातल्या मोठ्यांनीच समजावून सांगायचा असतो.

पाऊस लांबला की धोंडी काढून दारोदार पाणी मागणाऱ्या विदर्भात बेडूक आणि पाऊस यांचे नाते कुणाला नव्याने सांगायला नको. पूर्वेकडच्या भंडारा-गोंदियाच्या बांध्यांमध्ये हाच बेडूक धानावरचे किडे, खेकडे आणि प्रसंगी उंदराची पिल्लेही खातो. शहरात त्याच्या वाट्याला आता भूखंडांवरची डबकी उरली आहेत, आणि तीही दरवर्षी भराव टाकून कमी होत आहेत.

काय करावे, तर आधी मुलांच्या पालकांशी बोलावे. पहिल्याच दिवशी मुलांवर गुन्हा नोंदवायला धावण्यात मला अर्थ दिसत नाही. पालकांना दोन गोष्टी पटतात असा अनुभव आहे: एक कायद्याची, दुसरी सापाची. बेडूक जिथे जमतात तिथे त्यांच्या मागावर साप येतातच. पाणदिवड बिनविषारी असली तरी नाग आणि घोणसही अशा जागी सापडतात, आणि गवतात वाकून काडी शोधणाऱ्या मुलाचा हात रात्री सर्वांत आधी तिथेच पोहोचतो. मात्र कुणी मोठी माणसे पोती भरून बेडूक नेत असतील, विकत असतील, तर स्वतः त्यांना अडवायला जाऊ नये. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे, जागा आणि वेळ नेमकी सांगावी. जखमी बेडूक किंवा इतर वन्यप्राणी आढळल्यास नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे उपचार केंद्र आहे.

प्रश्न : बेडकाचे डोळे बॅटरीत चमकतात, मग तो पळत का नाही? त्याला प्रकाश दिसत नाही का? — इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, भंडारा

उत्तर : दिसतो, आणि तुझ्या-माझ्यापेक्षा कमी प्रकाशातही दिसतो. अडचण तीच आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर एकाएकी प्रखर झोत पडला की त्याला झोताच्या मागचे काहीच दिसत नाही. त्यातून बेडकाचा डोळा मुख्यतः हालचाल टिपणारा आहे: समोरून किडा सरकला तर तो झडप घालतो, मोठी सावली सरकली तर उडी मारतो. स्थिर झोतात दोन्हीपैकी काहीच घडत नाही, म्हणून तो जागच्या जागी बसून राहतो. डोळे चमकतात ते आत शिरलेला प्रकाश मागच्या भागावरून परत येतो म्हणून. तू पाहायला गेलीस तर मंद बॅटरी वापर, तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद लाव, आणि एका बेडकावर झोत फार वेळ ठेवू नकोस, कारण झोत हटवल्यावर त्याची नजर पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात सापाला तो आयता सापडतो.

प्रश्न : मी नागपुरात कंपाउंड धनुष्याचा सराव करतो. प्राणी न मारता रात्रीच्या, जवळच्या अंतरावरच्या नेमाचा सराव करता येईल का? — एक तिरंदाज, सक्करदरा, नागपूर

उत्तर : उत्तम प्रकारे करता येईल. फोमच्या प्राण्यांवर, अंतर न सांगता बाण मारण्याचा ‘थ्री-डी’ हा धनुर्विद्येचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याची जागतिक स्पर्धा 2003 पासून होते. आपल्याकडे कंपाउंडची मैदानी परंपरा भक्कम आहे. नागपूरच्याच ओजस देवतळे याने 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत 150 पैकी 150 गुण मिळवून सुवर्णपदक घेतले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकली. पण चढ-उतारावर, अंधुक उजेडात, अंदाजाने अंतर ठरवून नेम धरणे हे वेगळे कसब आहे आणि ते मैदानावर येत नाही.

जाड फोमचे मुठीएवढे तुकडे कापून त्यांवर दोन लहान परावर्तक टिकल्या लावाव्यात. सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या पट्टीतून त्या कापता येतात. मागे वाळूची पोती रचलेली असावीत, प्रशिक्षकाची परवानगी असावी, आणि मैदानावर त्या वेळी दुसरे कुणीही नसावे. एकाने बॅटरी धरावी, दुसऱ्याने तीन ते सहा मीटरवरून बाण सोडावा, आणि नंतर जागा बदलावी. आधी प्रत्येक अंतरावर बाण नजरेच्या किती खाली लागतो ते वहीत नोंदवून घ्यावे, कारण अंधारात ते आठवत नाही. तलावाच्या काठावर, मग तो अंबाझरी असो वा फुटाळा, हा सराव करू नये. पाण्यावरून उसळणारा बाण कुठे जाईल ते सांगता येत नाही आणि तेथे रात्रीही लोक फिरत असतात. जुने, वाकलेले किंवा तडा गेलेले कार्बन बाण या सरावासाठी ‘चालतील’ असे समजू नये. प्रत्येक बाण सोडण्याआधी तो दोन्ही हातांत धरून थोडा वाकवून पाहावा, कानाजवळ नेऊन करकर आवाज येतो का ते ऐकावे, आणि किंचितही शंका आली तर तो तिथेच मोडून टाकावा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार नाही.